नांवाचा वारसा आणि कामाचा वारसा

राजकारणांतील एखादा मोठा पुरुष निवर्तला म्हणजे आमच्या देशांत पहिला प्रश्न विचारला जातो तो हा कीं, त्याच्या घरांत आतां कोण आहे? त्याच्या पक्षांत कोण आहे, त्याच्या हाताखालीं तयार झालेलीं माणसें कोणतीं, त्यानें हातीं घेतलेलें काम कोठवर आलें, हे प्रश्न मागाहून येतात. पुष्कळदां येतच नाहींत. चितेची राख निवते न निवते तोंच मुलगा, मुलगी, पत्नी, पुतण्या किंवा सून यांपैकीं कोणास तरी पुढें करण्यांत येतें, आणि लोकही सात-बाऱ्यावरील वारसनोंदीप्रमाणें तें निमूटपणें मान्य करतात. हा प्रघात सर्व प्रांतांत व बहुतेक सर्व पक्षांत आहे. परंतु या मार्गानें मिळालेली सत्ता टिकते किती, आणि टिकत नाहीं तर कां टिकत नाहीं, याचा विचार शांतपणें फारसा कोणी करीत नाहीं. तो करावयाचा तर गोमंतकांतील बांदोडकर घराण्याइतकें बोलकें उदाहरण मराठी वाचकांस दुसरें सांपडणें कठीण आहे. भाऊसाहेब बांदोडकरांच्या निधनास आज पन्नासाहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. त्यामुळें या विषयावर राग-लोभ बाजूस ठेवून लिहितां येण्याजोगें अंतरही आतां पडलेलें आहे.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजीं पोर्तुगीज अंमलांतून मुक्त झाला. पुढें दोन वर्षांनीं, डिसेंबर १९६३ मध्यें, तेथें विधानसभेची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. गोवा, दमण व दीव मिळून जागा ३०. साऱ्या हिंदुस्थानांत सत्तारूढ असलेल्या काँग्रेसला खुद्द गोव्यांत एकही जागा मिळाली नाहीं. आणि त्याच वर्षीं जन्मास आलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षानें मित्रपक्षासह १६ जागा जिंकल्या. युनायटेड गोवन्स पक्षास १२ मिळाल्या. दयानंद बांदोडकर, म्हणजे लोकांचे भाऊसाहेब, मुख्यमंत्री झाले. ते श्रीमंत खाणमालक होते हें खरें. पण त्यांचा जन्म ज्या गोमंतक मराठा समाजांत झाला, त्या समाजाला देवळांच्या सेवेशीं पिढ्यान्‌पिढ्या जखडून ठेवून वरिष्ठ म्हणविणाऱ्या वर्गांनीं त्याची अवहेलनाच केली होती. अशा समाजांतील एक पुरुष मुक्त गोमंतकाच्या पहिल्या लोकनियुक्त सरकारचा प्रमुख व्हावा, ही गोष्ट सामाजिक दृष्ट्या केवढी मोठी होती हें आजच्या तरुणांस सहजासहजीं कळावयाचें नाहीं. ज्या कुळांनीं व मुंडकारांनीं भाटकारापुढें मान वर करून बोलण्याचें धाडस केलें नव्हतें, त्यांनीं प्रथमच मतपेटीच्या द्वारें आपलें मत उच्चारलें होतें.

भाऊसाहेबांचें लोकांवरील वजन कशावर उभें होतें, हें नीट पाहिलें पाहिजे. कारण तें पुढें कां ओसरलें याचें उत्तर त्यांतच आहे. पहिली गोष्ट शाळा. खेड्यापाड्यांतून सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडण्याचें काम त्यांच्या कारकीर्दींत झपाट्यानें झालें, आणि ज्यांच्या सात पिढ्यांनीं पाटी पाहिली नव्हती त्यांचीं मुलें अक्षर गिरवूं लागलीं. दुसरी गोष्ट जमीन. १९६४ च्या कूळकायद्यानें कुळास संरक्षण मिळालें व खंडाला मर्यादा पडली. तिसरी गोष्ट मान. मुख्यमंत्र्याच्या दारीं अनवाणी माणूस थेट जाऊं शकतो, हा अनुभव बहुजनसमाजास नवा होता. आणि चौथी गोष्ट विलीनीकरण. गोवा महाराष्ट्रांत मिळवावा ही पक्षाची मूळ प्रतिज्ञा होती. पक्षाच्या नांवांतच ती कोरलेली होती.

या चार खांबांपैकीं चौथा खांब भाऊसाहेबांच्या हयातींतच मोडला. १६ जानेवारी १९६७ रोजीं जनमतकौल झाला. तो निःपक्षपातीपणें व्हावा म्हणून भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळानें आधींच राजीनामा दिला होता, हें त्यांच्या लौकिकास भूषणावह आहे. विलीनीकरणाच्या बाजूनें १,३८,१७० मतें पडलीं. गोवा वेगळा केंद्रशासित प्रदेश राहावा या बाजूनें १,७२,१९१ पडलीं. चौतीस हजारांच्या फरकानें पक्षाची मूळ प्रतिज्ञा लोकांनीं अमान्य केली. कोणत्याही पक्षास याहून मोठा तडाखा तो कोणता बसावयाचा? परंतु पुढल्याच मार्च महिन्यांत निवडणूक झाली आणि मगो पक्षाला पुन्हां १६ जागा मिळाल्या! १९७२ सालीं तर त्या १८ झाल्या. याचा अर्थ उघड आहे. लोकांना भाऊसाहेबांचें राज्य हवें होतें. त्यांचें विलीनीकरण बहुसंख्यांस नको होतें. लोकांनीं माणूस आणि मत यांत भेद केला. एखाद्या पुढाऱ्यास याहून मोठा गौरव मिळणें कठीण. पण त्याच्या पक्षास याहून मोठा इशाराही मिळणें कठीण होतें. जी प्रतिज्ञा पक्षाचा प्राण म्हणून सांगितली जात होती ती गेली, आणि तिच्या जागीं केवळ एक व्यक्ति उरली. १९७० सालीं पक्षांतील कांहीं आमदारांनीं भाऊसाहेबांविरुद्ध बंड केलें तेव्हांही सरकार तरलें; परंतु तें पक्षाच्या शिस्तीमुळें तरलें नाहीं, भाऊसाहेबांच्या वैयक्तिक चातुर्यामुळें तरलें.

१२ ऑगस्ट १९७३ रोजीं भाऊसाहेब निवर्तले. मिरामारच्या समुद्रकांठीं त्यांची समाधि आहे. त्यांच्यामागें त्यांची कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७२ पासून त्या वडिलांच्या मंत्रिमंडळांत राज्यमंत्री होत्या. उत्तर प्रदेशांत सुचेता कृपलानी व ओरिसांत नंदिनी सत्पथी यांच्यामागून हिंदुस्थानांतील मुख्यमंत्रिपदावर आलेल्या त्या तिसऱ्या स्त्री होत. स्त्रीशिक्षणाचा व स्त्रीस्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या आमच्यासारख्यांनीं या घटनेचें स्वागत करावें कीं निषेध, हा प्रश्न सोपा नाहीं. एका दृष्टीनें पाहतां स्त्रीस राज्याचें सर्वोच्च पद मिळालें. दुसऱ्या दृष्टीनें पाहतां तें तिला कन्या म्हणून मिळालें. ज्या समाजांत स्त्रियांस पुढें येण्याचे इतर सर्व मार्ग बंद असतात, तेथें घराण्याचा एकच दरवाजा त्यांच्याकरितां किलकिला असतो. त्यांतून आलेल्या स्त्रीला दोष देण्यापूर्वीं बाकीचे दरवाजे बंद ठेवणाऱ्या पुरुषांस दोष दिला पाहिजे, असें आमचें मत आहे.

शशिकलाताई नुसत्या बापाच्या नांवावर बसून राहिल्या असेंही नाहीं. मुंडकारास त्याच्या राहत्या घरांतून हुसकून लावण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९७५ सालीं त्यांच्याच कारकीर्दींत झाला. १९७६ सालीं कूळकायद्याची पांचवी दुरुस्ती झाली आणि जमीन कसणारें कूळ हेंच तिचें मालक मानलें जाईल, असें तत्त्व कायद्यांत घातलें गेलें. वडिलांनीं कुळास संरक्षण दिलें. मुलीनें त्याला मालकी देऊं केली. सुधारणेच्या दृष्टीनें हें पाऊल वडिलांच्या पुढचें होतें. ही दुरुस्ती न्यायालयांत अडली, आणि १९८४ च्या सत्तेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें तिला नवव्या परिशिष्टाचें संरक्षण मिळालें. पण तोंवर ती करणाऱ्या बाई सत्तेवर राहिल्या नव्हत्या.

आतां ओहोटीचा हिशेब पाहूं. १९७७ च्या निवडणुकींत मगो पक्षास ३० पैकीं १५ जागा मिळाल्या. सरकार बनलें, पण काठावरचें. एप्रिल १९७९ मध्यें पक्षाचेच तीन आमदार फुटले आणि सरकार कोसळून राष्ट्रपतींची राजवट आली. जानेवारी १९८० च्या निवडणुकींत काँग्रेसच्या अर्स गटास २० जागा मिळाल्या. मगो पक्ष ७ वर आला. नवे मुख्यमंत्री झाले प्रतापसिंह राणे. ते पूर्वीं भाऊसाहेबांच्याच मंत्रिमंडळांत मंत्री होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्यानंतर शशिकलाताई कांहीं सहकाऱ्यांसह काँग्रेसमध्यें गेल्या. रमाकांत खलप प्रभृति मंडळींनीं मात्र पक्ष व त्याची सिंहाची निशाणी सोडली नाहीं. पुढें काँग्रेसशींही न जमल्यामुळें शशिकलाताईंनीं वेगळा पक्ष काढला आणि त्याला भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष असें नांव दिलें. १९८४ च्या निवडणुकींत या पक्षाला किती जागा मिळाल्या? एकही नाहीं. आणि सिंहाची निशाणी धरून बसलेल्या जुन्या मगो पक्षाला ८ मिळाल्या!

वारशाच्या प्रश्नाचा निकाल या एका निवडणुकीनें लावून टाकला असें आम्हांस वाटतें. एका बाजूस खुद्द भाऊसाहेबांची कन्या, आणि पक्षाच्या पाटीवर भाऊसाहेबांचें संपूर्ण नांव. दुसऱ्या बाजूस घराण्याशीं रक्ताचा संबंध नसलेली चार मंडळी आणि एक जुनी निशाणी. मृत्यूस अकरा वर्षें झालीं होतीं; भाऊसाहेबांविषयींचा आदर तिळमात्र कमी झाला नव्हता. तरीही लोकांनीं नांव घरांत पूजेस ठेवलें आणि मत दुसरीकडे दिलें. पुढें शशिकलाताई मगो पक्षांत परत आल्या, निवडून आल्या आणि १९९० सालीं शिक्षणमंत्रीही झाल्या. प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून व्हावें, मराठी व कोंकणी शाळांनाच सरकारी अनुदान मिळावें, हा त्यांचा निर्णय प्रसिद्ध आहे. आयुष्याच्या अखेरीसही त्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या चळवळींत आघाडीवर होत्या. २८ ऑक्टोबर २०१६ रोजीं त्यांचें निधन झालें. परंतु वडिलांच्या गादीवर त्या पुन्हां बसल्या नाहींत.

हें असें कां झालें? गोव्यांत याचीं दोन उत्तरें ऐकूं येतात. एक असें कीं, बाईमाणसास राज्य संभाळतां आलें नाहीं. या उत्तराचा विचार करण्याचेंही कारण नाहीं. ज्या बाईनें जवळजवळ सहा वर्षें राज्य चालविलें, आणीबाणी व जनता पक्षाची लाट या दोहोंतून पक्ष तारून नेला आणि वडिलांहून पुढचा जमीनकायदा केला, तिच्यावर हा आक्षेप घेणारांनीं तिच्यानंतर सरकारें पाडणाऱ्या पुरुषांची यादी एकवार करावी. दुसरें उत्तर असें कीं, फितुरांनीं घात केला. तीन आमदार फुटले हें खरेंच. पण तीन माणसें फुटल्यानें जें कोसळतें तें आधींच भुसभुशीत झालेलें असतें. बंडखोर भाऊसाहेबांच्या वेळींही होतेच.

आमच्या मतें खरीं कारणें तीन आहेत. पहिलें असें कीं, भाऊसाहेबांनीं राज्य केलें, पण पक्ष बांधला नाहीं. पक्ष म्हणजे मुख्यमंत्र्याचा दरबार अशी स्थिति होती. गांवोगांव सभासदांची नोंद, ठरलेल्या मुदतीनें निवडलेल्या समित्या, मतभेद बोलून दाखविण्याची जागा, पैशाचा उघड हिशेब, यांपैकीं ज्या गोष्टींनीं पक्ष पुढाऱ्याच्या मागेंही जिवंत राहतो त्यांची जोपासना झाली नाहीं. खाणमालकाच्या औदार्यावर चालणाऱ्या पक्षास वर्गणी गोळा करण्याची संवय कशी लागावी? दरबारांत जो कर्तबगार असेल त्याला वर चढण्याचा मार्ग एका व्यक्तीच्या मर्जींतून जातो. ती व्यक्ति गेली आणि गादी घरांतच राहणार असें दिसलें कीं तो कर्तबगार मनुष्य बाहेर पडतो. राणे बाहेर पडले ते यामुळेंच, असें ठासून सांगण्याचा आमचा आग्रह नाहीं. परंतु भाऊसाहेबांच्या हाताखालीं राज्यकारभार शिकलेला मनुष्य त्यांच्याच पक्षाचा पराभव करून मुख्यमंत्री झाला, यावरून पक्षानें काय गमावलें तें दिसतें.

दुसरें कारण असें कीं, पक्षाजवळ सांगण्यासारखें नवें कांहीं उरलें नाहीं. विलीनीकरणाचा प्रश्न १९६७ सालींच निकालांत निघाला होता. ४ फेब्रुवारी १९८७ रोजीं विधानसभेनें राजभाषेचा कायदा केला. त्यांत देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली व मराठीच्या वापरास मुभा मिळाली. ३० मे १९८७ रोजीं गोवा स्वतंत्र घटकराज्य झाला. पक्षाचें नांव महाराष्ट्रवादी राहिलें. पण त्या नांवांतील पहिल्या शब्दास अर्थ उरला नाहीं. मराठी आम्हांस प्राणाहून प्रिय आहे. तरीही भाषेचें प्रेम आणि राज्याची सीमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें गोमंतकीयांनीं आम्हांस शिकविलें, असें कबूल करणें प्रामाणिकपणाचें होईल.

तिसरें कारण सर्वांत मार्मिक आहे. घराण्याचें वजन कमी झालें तें कांहीं अंशीं घराण्याच्या चांगल्या कामामुळेंच. एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्याचें नांव चढलें, त्या कुळाला भाटकाराची भीति उरली नाहीं. आणि भाटकाराची भीति गेली तेव्हां भाटकारापासून सोडविणाऱ्याच्या आश्रयाचीही गरज कमी झाली. भाऊसाहेबांच्या शाळेंत शिकलेला मुलगा कारकून, शिक्षक, वकील झाला, वर्तमानपत्र वाचूं लागला आणि आपलें मत आपण बनवूं लागला. कोणास यांत कृतघ्नपणा दिसेल. आम्हांस यांत सुधारणेचें यश दिसतें. शिक्षण देणाराच्या पायाशीं जन्मभर बसून राहावें म्हणून कोणी शिक्षण देत नसतो. बहुजनसमाज बांदोडकर घराण्याच्या हातांतून सुटला याचा अर्थ भाऊसाहेब हरले असा होत नाहीं. त्यांचें काम पुरें होत आलें असा होतो.

परंतु येथें चित्राची दुसरी बाजूही दाखविली पाहिजे. घराणें मागें पडलें, पण घराणेशाही मागें पडली नाहीं. मगो पक्ष १९८९ सालीं ४० पैकीं १८ जागांपर्यंत पुन्हां चढला होता. १९९४ सालीं त्यानें भारतीय जनता पक्षाशीं युती केली. तेव्हां मगोला १२ व भाजपला ४ जागा मिळाल्या. १९९९ सालीं भाजपला १० आणि मगोला ४. २००२ सालीं भाजपला १७ आणि मगोला २. आंत घेतलेल्या पाहुण्यानें सारें घर व्यापलें. २०२२ च्या निवडणुकींतही मगोच्या वांट्यास दोनच जागा आल्या. बहुजनसमाजाची जी शक्ति एका पक्षांत एकवटली होती ती अशी निरनिराळ्या घरीं वांटली गेली, आणि ज्या घरीं ती गेली तेथेंही बहुधा घराणींच उभीं राहिलीं. २०२२ सालच्या त्याच निवडणुकींत पति-पत्नींच्या तीन जोड्या विधानसभेवर निवडून आल्या: राणे, मोन्सेरात आणि लोबो. ज्या प्रतापसिंह राण्यांनीं १९८० सालीं बांदोडकरांच्या गादीचा प्रभाव संपविला, त्यांच्या पर्ये मतदारसंघांतून त्यांची सून निवडून आली व शेजारच्या वाळपईंतून मुलगा. उलट, १७ मार्च २०१९ रोजीं मुख्यमंत्रिपदावर असतांनाच निवर्तलेल्या मनोहर पर्रीकरांच्या पुत्रास पक्षानें पणजीची उमेदवारी नाकारली. ते अपक्ष उभे राहिले आणि सातशेंच्या घरांतील मतांनीं पडले. त्यांना पाडणारे उमेदवार वर सांगितलेल्या जोड्यांपैकींच एक! तेव्हां पर्रीकरांच्या पुत्रास डावलण्यांत घराणेशाहीचा तात्त्विक विरोध होता, असें समजण्याचें कारण नाहीं. जिवंत घराण्याच्या बळापुढें मृत पुढाऱ्याचें नांव हलकें ठरलें, एवढाच त्याचा अर्थ.

येथें कोणी म्हणेल कीं, वकिलाचा मुलगा वकील होतो, वैद्याचा मुलगा वैद्य होतो. मग मंत्र्याच्या मुलानें मंत्री होण्यांत पाप काय? पाप कांहींच नाहीं. पण वैद्याच्या मुलास परीक्षा द्यावी लागते, आणि ती घेणारे त्याच्या बापाचे नोकर नसतात. मंत्र्याच्या मुलाची परीक्षा लोक घेतात असें म्हटलें जातें. तथापि लोकांपुढें नांव जाण्याआधीं पक्षांत जी निवड व्हावयाची ती होतच नाहीं, हें खरें दुखणें आहे. १९८५ सालीं पक्षांतरबंदीचा कायदा झाला. त्यानें आमदारांस पक्षाच्या हुकमाशीं बांधलें. पण तो हुकूम कोणीं व कसा काढावा याविषयीं तो मूक आहे. त्यामुळें आमदार बांधला गेला तो पक्षाच्या सभासदांशीं नव्हे, पक्षाच्या मालकांशीं. आणि मालकांनींच गट करून दुसरीकडे जाण्याचें ठरविलें तर कायदा हात जोडून उभा राहतो. सप्टेंबर २०२२ मध्यें गोव्यांतील काँग्रेसच्या ११ पैकीं ८ आमदारांनीं तसें केलेंच.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जो पक्ष निवडणुकीची निशाणी मागतो, त्यानें आपल्या सभासदांची यादी खुली ठेवावी. त्याच्या समित्या ठराविक मुदतीनें गुप्त मतदानानें निवडल्या जाव्यात. मतदारसंघांतील सभासदांचें मत घेतल्यावांचून उमेदवारी दिली जाऊं नये. आणि हें झालें कीं नाहीं तें पाहण्याचा अधिकार कायद्यानें निर्वाचन आयोगास द्यावा. पुढाऱ्याच्या मुलास किंवा मुलीस यानें बंदी होत नाहीं. त्यांच्या अंगीं गुण असतील तर शेजारच्या गरिबाच्या मुलाबरोबर रांगेंत उभें राहून ते सिद्ध करण्याची संधी त्यांना मिळेल. शशिकलाताईंना अशा रीतीनें पद मिळालें असतें तर त्यांच्या कामास घराण्याचा कलंक लागला नसता आणि त्यांच्या शत्रूंस तें सहज पाडतांही आलें नसतें.

ज्या पुढाऱ्यांचा आज मोठा बोलबाला आहे त्यांनीं गोमंतकाचा हा इतिहास आपल्या हयातींतच वाचलेला बरा. आपल्यामागें आपलें नांव कोण चालवील ही चिंता त्यांनीं सोडून द्यावी; शाळा, कायदा व जमीन या रूपानें तें नांव लोकांत राहावयाचें असेल तर राहतेंच. चिंता करावयाची ती एवढीच कीं, आपण डोळे मिटल्यावर पक्षाची सभा बोलावण्याचा अधिकार कोणास आहे, आणि त्या सभेंत आपल्या घराबाहेरचा मनुष्य निर्भयपणें उभा राहून अध्यक्षपद मागूं शकेल कीं नाहीं. ज्या पक्षांत तो मागूं शकत नाहीं, त्या पक्षाचें भवितव्य १९८४ सालीं गोमंतकाच्या मतदारांनीं लिहून ठेवलेलें आहे.